आपला वेग वजा जाता

विरार लोकल भाईंदर सोडून खाडीच्या पुलावर चढली की दाराशी उभ्या असलेल्यांच्या तोंडावर वारा आदळतो. केस मागे जातात, शर्ट अंगाला चिकटतो, दिवसभराचा घाम पुलाच्या पहिल्या दोन-चार खांबांतच सुकतो. आम्हा वसईकरांना हा वारा घरचा वाटतो. तो लागला म्हणजे घर जवळ आलं. पण त्यातला बहुतेक भाग गाडीचा असतो. समजा, संध्याकाळी समुद्रावरून, म्हणजे डाव्या हाताने, ताशी २० किलोमीटरचा खारा वारा येतो आहे आणि गाडी उत्तरेला ताशी ८० किलोमीटरने धावते आहे. दोन्हींची सांगड घातली तर दाराशी उभ्या माणसाला ताशी ८२ किलोमीटरचा वारा लागेल आणि तो जवळजवळ समोरून येईल, जेमतेम १४ अंश डावीकडून. खाली पाणजू बेटाच्या कडेची तिवरं मात्र पूर्वेकडे झुकलेली दिसतात. त्यांना गाडीशी देणंघेणं नाही. त्यांच्यावरून जातो तो खाडीचा वारा.

शिडाची नौका चालवणाऱ्याला या दोन वाऱ्यांचा हिशेब क्षणोक्षणी ठेवावा लागतो. एका जागी पाय रोवून उभ्या असलेल्याला लागतो तो खरा वारा. चालत्या बोटीवर लागतो तो भासमान वारा. खऱ्या वाऱ्यात बोटीच्या स्वतःच्या चालीचा वारा मिसळून तो तयार होतो. हा दुसरा वारा काही खोटा नसतो. शीड त्याच्यावरच फुगतं, बोट त्याच्यावरच चालते आणि डोलकाठी मोडली तर त्याच्यामुळेच मोडते. फक्त तो आपल्या एकट्याचा असतो. शेजारून दुसऱ्या वेगाने, दुसऱ्या दिशेने जाणाऱ्या बोटीला तोच वारा निराळा लागतो.

आकडे मांडले की गोष्ट स्पष्ट होते. समुद्रावर वारा नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. खरा वारा १२ नॉटचा आहे आणि बोट ६ नॉटने, वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन करून, वाऱ्याच्या रोखाने वर चढते आहे. बोटीवरच्या माणसाला वारा १२ चा लागत नाही, जवळपास १७ चा लागतो आणि ४५ ऐवजी ३० अंशांवरून येतो. तीच बोट त्याच वाऱ्यात सरळ वाऱ्याला पाठ देऊन पळाली तर १२ मधून ६ गेले, उरले ६. वाऱ्याने काहीच बदललेलं नाही. नाळेचं तोंड फिरवलं एवढ्याने १७ चे ६ झाले.

शीड किती ताणायचं, किती ढिलं सोडायचं हे ठरवताना भासमान वाराच बघावा लागतो. पुढच्या शिडाला लोकरीचे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही बाजूंचे धागे सरळ मागे वाहत असले की शीड बरोबर बसलं. त्या धाग्यांना खरा वारा कळत नाही आणि कळायची गरजही नाही. पण कुठल्या दिशेने जायचं, बाजू कधी पालटायची, आता निघावं की उद्या, पूर्ण शीड ठेवावं की आखडावं, हे सगळे निर्णय खऱ्या वाऱ्यावर घ्यायचे असतात. हाताचं काम भासमान वाऱ्यावर आणि डोक्याचं काम खऱ्या वाऱ्यावर. ज्याला ही वाटणी जमली त्याला शिडाचं निम्मं शास्त्र आलं, असं माझं मत आहे.

माझ्या एका मित्राची छोटी यॉट मुंबई बंदरात नांगरलेली असते. एकदा माघात तो ती वसईपर्यंत घेऊन आला होता आणि परतीला मी बरोबर होतो. वसई ते कुलाबा हे पंचवीसेक सागरी मैलांचं अंतर. किल्ल्याच्या पश्चिमेला खाडीच्या तोंडाशी नांगर टाकलेला होता. दुपार कलायला लागली तसा वायव्येचा वारा जोर धरू लागला. नांगरलेल्या बोटीवर काटा १८ नॉट दाखवत होता. नांगर उचलण्याआधी मित्राने मोठं शीड एक घडी आखडून बांधलं. उत्तनचं टोक मागे पडलं, आम्ही दक्षिणेला वळलो आणि एव्हाना उत्तरेकडे सरकलेला वारा पाठीशी आला. बोट ७ नॉटने चालली होती. काटा उतरून ११ वर आला.

या उतरलेल्या काट्याबरोबर बोटीवरचं सगळं वातावरण बदलतं. ऊन चटका द्यायला लागतं, कारण अंगावरून जाणारा वारा बराच उतरलेला असतो. लोक टोप्या काढून ठेवतात. बोलताना ओरडावं लागत नाही. थर्मासमधला चहा कपात ओतला तर कपातच पडतो. लाटा मागून येऊन बोटीखालून पुढे जातात आणि आपल्याला त्यांच्या पाठी दिसतात. लाटेची पाठ तिच्या तोंडापेक्षा नेहमी सौम्य असते. बरोबरच्या एकाने विचारलं, आता शीड पूर्ण का सोडत नाही, वारा तर पडला. मित्राने उत्तर दिलं नाही. त्याने दूरवर, आम्हाला आडव्या पसरलेल्या पाण्याकडे हात केला. तिथे जागोजाग पांढरा फेस फुटत होता.

थोड्या वेळाने दोरीला बांधलेली निळी बादली निसटून पाण्यात पडली. बादलीची किंमत ती काय, पण माणूस पडला असं समजून वळायचं, ही त्याच्या बोटीवरची शिस्त होती. त्याने सुकाणू फिरवलं, दोऱ्या ताणायला सांगितल्या आणि बोटीचं तोंड वाऱ्याकडे आलं. पुढच्या काही क्षणांत जे झालं ते शब्दांपेक्षा आकड्यांत नीट सांगता येईल. १८ नॉटच्या वाऱ्यात ६ नॉटने वर चढणाऱ्या बोटीला साडेबावीस नॉट लागतात. ११ चे साडेबावीस झाले, म्हणजे दुप्पट. आणि शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दाब चौपट झाला. बोट एका कुशीवर गेली, कप गडगडत गेले, टोप्या उडाल्या, खाऱ्या पाण्याचा फवारा डोळ्यांत गेला. शिडाचं कापड इतक्या जोरात फडफडत होतं की मित्राच्या सूचना तोंडाच्या हालचालींवरून समजून घ्याव्या लागत होत्या. आखडलेल्या शिडाने ते निभावलं. पूर्ण शीड असतं तर त्या दाबाला बोट वळवणंच अवघड झालं असतं, आणि पाण्यात बादलीऐवजी माणूस असता तर तो मागे मागे राहिला असता.

वाऱ्याला पाठ देऊन जाणाऱ्याला वाऱ्याचा जोर कळत नाही. समुद्रावरचे कितीतरी अपघात या एका गोष्टीपायी झाले आहेत. शीड आखडायचं ते पाठवाऱ्याच्या सुखात असताना, कारण तोंड फिरवल्यावर ते करायला फुरसत मिळत नाही.

मित्राने काट्याकडे न बघता पाण्याकडे बघितलं, यालाही कारण आहे. पाण्यावर फुटणारा फेस आपल्या वेगावर अवलंबून नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्याने वाऱ्याला शून्य ते १२ अशी मापं लावली, तेव्हा लढाऊ जहाज किती शीड वागवू शकतं यावरून ती ठरवली होती. पुढे त्याच मापांना समुद्राच्या रूपाची जोड मिळाली. तीनच्या मापाला फेस कुठेतरी एखादा, चारला बऱ्यापैकी, पाचला सगळीकडे. आमच्या त्या दुपारी पाचचं माप होतं आणि समुद्राने ते उघड लिहून ठेवलं होतं. पाचूबंदरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने मला हेच सांगितलं होतं, कुठल्याही मापाचं नाव न घेता. "वारा पाण्यावर बघावा, बावट्यावर नाही." त्यांच्या तरुणपणी वसईच्या होड्यांवर शिडं होती. गेल्या शतकाच्या मध्यापासून इंजिनं येऊ लागली आणि शिडं माळ्यावर गेली, पण पाण्याकडे बघण्याची त्यांची सवय सुटली नव्हती. ते बोलतानासुद्धा माझ्याकडे न बघता खाडीच्या तोंडाकडे बघत होते.

त्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी उभं राहावं आणि बावटे बघावेत. वसईत राहून फुकट मिळणारं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही. चिखलात रोवलेल्या खांबाला एक बावटा असतो. पाण्याबरोबर वाहत चाललेल्या जाळ्याच्या बोयावर एक असतो. आणि मासे घेऊन आत येणाऱ्या होडीवर तिसरा. समजा पश्चिमेचा वारा ८ नॉट आहे आणि ओहोटीचं पाणी २ नॉटने समुद्राकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, धावतं आहे. खांबाच्या बावट्याला ८ चा वारा. बोया पाण्याबरोबर वाऱ्याच्या रोखाने सरकतो आहे, म्हणून त्याच्या बावट्याला १०. होडी पाणी कापत ६ नॉटने आत येते आहे, वारा तिच्या पाठीशी आहे, म्हणून तिच्या बावट्याला ४. एकच जागा, एकच घटका, एकच वारा, आणि तीन बावटे तीन तऱ्हेने फडकत असतात. खांबाचा तडफदार, बोयाचा त्याहून तडफदार, होडीचा अर्धवट लोंबता.

म्हणजे खरा वारासुद्धा एकच नाही. जमिनीवरून मोजलेला एक आणि वाहत्या पाण्यावरून मोजलेला एक. बोट पाण्यावर असते, तेव्हा तिच्या शिडाला दुसरा कामाचा. हाच वारा भरतीत बघा. पाणी आत येऊ लागलं की वाहत्या बोटीला ८ मधून २ वजा, उरले ६. ओहोटीला १०, भरतीला ६. दाबाचा हिशेब केला तर १०० ला ३६. वाऱ्याच्या तोंडावर शीड घेऊन बाहेर पडायचं असेल तर ओहोटी नुसती ओढून नेते असं नाही, ती वाराही वाढवून देते. शिवाय वारा आणि पाणी एकमेकांच्या अंगावर आले की लाट उभी आणि आखूड होते, म्हणून खाडीचं तोंड त्या वेळी खवळलेलं असतं. भांगाला हे जाणवणार नाही इतपत असतं. उधाणाला, जेव्हा आमच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरहून अधिक वरखाली होतं, तेव्हा हाच हिशेब होडी उलटवू शकतो. शिडाच्या काळात वसईच्या, अर्नाळ्याच्या होड्या पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर जात आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. त्याला ओहोटी-भरतीची जोड मिळाली की बिनइंजिनाची होडी घड्याळासारखी ये-जा करी. रोजच्या पोटापाण्यासाठी केलेली ही वेगांची बेरीज-वजाबाकी होती आणि ती करणारे बहुतेक शाळेत गेलेले नव्हते.

आजच्या यॉटवर ही वजाबाकी यंत्र करतं. डोलकाठीच्या टोकावर वाट्यांची एक भिंगरी वाऱ्याचा वेग मोजते आणि शेजारचा वातकुक्कुट दिशा दाखवतो. दोघांना कळतो तो फक्त भासमान वारा, कारण तेही बोटीबरोबर चाललेले असतात. बोटीच्या तळाला पाण्यात एक छोटं पंख्याचं चाक असतं, ते बोटीचा पाण्यातला वेग सांगतं. पडद्यामागचा संगणक भासमान वाऱ्यातून बोटीचा वेग वजा करतो आणि पडद्यावर खऱ्या वाऱ्याचा आकडा येतो. म्हणजे खरा वारा मोजलेला नसतो, काढलेला असतो.

आता आपल्या समुद्राचं पाणी कोमट आणि गढूळ. बोट महिना-दोन महिने उभी राहिली तर तळाला शेवाळ आणि टणक कवचाचे जीव चिकटतात. होड्या ओहोटीला चिखलावर आडव्या करून तळ खरवडण्याचं आणि तेल चोपडण्याचं काम कोळीवाड्यात म्हणूनच चालतं. तेच कवच त्या चाकात अडकलं की चाक फिरत नाही. बोट ७ नॉटने धावत असते आणि यंत्राला वाटतं ती उभी आहे. शून्य वजा केल्यावर उरणार काय? भासमान वाऱ्याचाच आकडा खऱ्या वाऱ्याच्या चौकटीत येऊन बसतो, दशांश चिन्हासकट, अगदी विश्वासाने. मला या बिघाडाइतका विचारात पाडणारा बिघाड दुसरा ठाऊक नाही. वारा मोजणारी भिंगरी ठणठणीत असते. चुकतं ते आपल्याच वेगाचं ज्ञान.

खऱ्या वाऱ्यावर केवढे बेत उभे राहू शकतात हे बघायला वसई तालुका सोडून जावं लागत नाही. नालासोपाऱ्याचं सोपारा हे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत पश्चिमेच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं बंदर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी पुस्तकात त्याचं नाव येतं. तिथल्या बुरूड राजाच्या कोटातला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. इजिप्तच्या किनाऱ्यावरून जुलैच्या सुमारास निघून नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर हिंदुस्थान गाठायचा आणि हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर परतायचं, हा त्या व्यापाराचा कणा होता. रोजच्या शिडाची ताणाताणी खलाशी भासमान वाऱ्यावर करत असतील. वर्षाचा बेत मात्र पावसाळ्याच्या वाऱ्यावर बांधलेला होता, जो कोणाच्याही जहाजाच्या वेगाने बदलत नाही. सोपाऱ्याची खाडी पुढे गाळाने भरली आणि बंदर सरलं.

जहाजबांधणी मात्र या किनाऱ्यावर टिकली. पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, वसईत सागवानी जहाजं बांधली जात. सागवानाचा हा वारसा मुंबईत अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने १९६०च्या दशकात मुंबईत सागवानाची एक छोटी यॉट बांधून घेतली आणि तिला अरबी खलाशांच्या बोलीतल्या एका वाऱ्याचं नाव दिलं, सुहैली. तिच्यावरून त्याने १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो जगातला पहिला. सुहैलीवर सुकाणू सांभाळायला वाऱ्यावर चालणारी एक फळी होती. ही फळी वाऱ्याशी ठरवलेला कोन राखते, तोही अर्थात भासमान वाऱ्याशी. तिचा दोष असा, की वारा फिरला की ती बोटही निमूट फिरवते आणि झोपलेल्या खलाशाला काही कळत नाही. शिडं तशीच छान भरलेली असतात, धागे सरळ वाहत असतात, फक्त बोट भलतीकडे चाललेली असते. म्हणून होकायंत्र बघत राहावं लागतं. ती फळी तर अर्ध्या वाटेतच मोडली आणि पुढचं सुकाणू नॉक्स-जॉन्स्टनला हाताने आणि शिडांच्या तोलाने सांभाळावं लागलं.

आपल्याकडे एकट्याने प्रदक्षिणेचं हे काम कमांडर दिलीप दोंदे यांनी केलं. गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये परतले. शिडावर एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या वाटेचा मोठा भाग दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली जातो. तिथे पश्चिमेचे वारे जवळपास अखंड वाहतात आणि बोट दिवसचे दिवस त्यांना पाठ देऊन पळत असते. उत्तनच्या टोकापाशी आम्हाला एका दुपारी भेटलेली भूल तिथे आठवडेच्या आठवडे सोबत करते. ज्या खलाशाला खऱ्या वाऱ्याचा आकडा डोक्यात धरून ठेवता येतो त्यालाच ती वाट पार होते.

वाऱ्याच्या या हिशेबाने एकदा आकाशही उलगडलं. जेम्स ब्रॅडली हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ कालेय तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा वेध घेत होता. तारा वर्षभरात किंचित सरकून पुन्हा जागेवर येत होता आणि त्याचं कारण लागत नव्हतं. असं सांगतात, की १७२८ साली टेम्स नदीत शिडाच्या बोटीतून फिरताना त्याचं लक्ष डोलकाठीवरच्या निशाणाकडे गेलं. बोट बाजू पालटायची तेव्हा दर वेळी निशाणाची दिशा बदलायची, पण वारा काही दर वेळी बदलत नसणार. खलाशांना त्यात नवल वाटत नव्हतं. ब्रॅडलीला ताऱ्याचं उत्तर तिथे मिळालं. पृथ्वी ही बोट, ताऱ्याचा प्रकाश हा वारा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, तिची दिशा वर्षभर पालटत राहते, म्हणून ताऱ्याचा प्रकाश साडेवीस विकलांनी कधी इकडून, कधी तिकडून आल्यासारखा दिसतो. पृथ्वी फिरते याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा. ब्रॅडलीला पृथ्वीवरून उतरून उभं राहता येणार नव्हतं. त्याने तिचा वेग ओळखला आणि वजा केला, तेवढंच.

हे माणसांनाही लागू पडतं का, असा विचार मी वसईबाबत पुष्कळदा करतो. पहाटेची लोकल धरून आयुष्य काढलेली आमची पिढी म्हणते, की वसईचा वेग फार वाढला, गाव अंगावर येतं. वाडीत राहिलेली, केळीच्या बागांना पाणी धरणारी माणसं तेच म्हणतात, पण निराळ्या सुरात आणि निराळ्या गोष्टींबद्दल. कितीही तक्रारी ऐकल्या तरी प्रत्येकात बोलणाऱ्याची स्वतःची धाव मिसळलेली जाणवते. तरीही ती वजा केल्यावर काही उरत नाही असं मी म्हणणार नाही. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. विहिरींचं पाणी खारं होणं, मिठागरांवर इमारती उठणं, पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जाणं, हे कोणाच्या चालीने भासलेलं नाही. तो पाण्यावर फुटलेला फेस आहे, आणि तो पाहूनच बेत ठरवायला हवेत.

शेवटी एक कामाची गोष्ट. हवामान खातं मच्छिमारांना इशारा देतं तो ताशी किलोमीटरमध्ये असतो. ४५ ते ५५ किलोमीटरचा वारा, ६५ पर्यंत झोत, अशी त्याची भाषा. हा आकडा खऱ्या वाऱ्याचा आहे, जमिनीवरून मोजल्यासारखा. ४५ किलोमीटर म्हणजे २४ नॉट. तोंडावर घेऊन होडी ७ नॉटने निघाली तर माणसाला ३१ नॉट लागतात आणि पाठीवर घेऊन आली तर १७. बाहेर गेलेल्या तरुण खलाशाला परत येताना वाटतं, इशारा उगाच दिला होता. पुढच्या वेळी तो इशारा मानत नाही. छोट्या होडीतून गळ टाकायला जाणारे हौशी लोक, आता किनाऱ्याकिनाऱ्यावर दिसणाऱ्या वेगवान बोटी, रो-रोवर गाड्या चढवून वसईहून भाईंदरला जाणारे प्रवासी, सगळ्यांची समजूत बोटीवरच्या वाऱ्यावरच बेतलेली असते.

म्हणून माझी एक मागणी आहे आणि ती फार खर्चाची नाही. जिथून जिथून होड्या सुटतात त्या प्रत्येक धक्क्यावर, पाचूबंदरला, किल्लाबंदरला, नायगावला, अर्नाळ्याला, एक उंच खांब हवा. त्यावर वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणारं साधं यंत्र आणि खाली लांबून वाचता येईल असा मोठा फलक, नॉट आणि ताशी किलोमीटर, दोन्ही आकड्यांत. खांब जागेवरून हलत नाही, म्हणून त्याला काही वजा करावं लागणार नाही. शाळांनी आठवी-नववीच्या मुलांना वर्षातून एकदा तिथे आणावं, होडीतून खाडीत एक चक्कर मारून आणावी आणि होडीवर लागलेला वारा आणि फलकावरचा वारा दोन्ही वहीत लिहायला लावावेत. महानगरपालिकेने मनावर घेतलं तर येत्या नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात उतरतील, त्याआधी हे खांब उभे राहू शकतात.